धुक्यातल्या दोन रेघा

इतवारीतल्या लग्नाच्या मुलींच्या आया मारोतरावांच्या स्टुडिओत येत, पण विचारत देवकीला. फोटो मारोतराव काढत; गालावरचे देवीचे वण काढायचे काम देवकीचे. खिडकीपाशी तिरपी काच, काचेखाली उजेडासाठी आरसा आणि हातात टोकदार पेन्सिल, नाही तर चार केसांचा ब्रश. निगेटिव्हवर गडद ते उजळ उमटते, म्हणून वण उजळ ठिपक्यांसारखे दिसत. ती ते एकेक करून भरून टाकी आणि कागदावर गाल साईसारखा उतरे. वण तिच्या स्वतःच्या गालांवरही होते. ते पुसणारा अजून जन्मायचाय, असे ती हसून म्हणे. आपल्या टेबलावरून डागी निगेटिव्ह जाणार नाही, हा तिचा बाणा. सासूबाईंनी, रंभाबाईंनी, आयुष्यात तिचे एकदाच कौतुक केले होते, तेही या हाताचे.

मारोतरावांचा जीव मात्र चेहऱ्यांत नव्हता. हिवाळ्यात शनिवारची शेवटची बस धरून ते मौद्याला जात. तिथून पुढे धानाच्या बांध्यांमागे एक जुना तलाव होता. तिथे मासे धरणाऱ्या लहानू ढिवराच्या ओसरीत रात्र काढायची आणि तांबडे फुटायच्या आत काठावर कॅमेरा लावून बसायचे. त्या तलावावर सारसांची जोडी येई. धुक्यात पाण्यात उभी असलेली ती जोडी त्यांना हवी होती. पण धुके दाट असले की पक्षी दिसत नसत, आणि उघडले की ते धानात चालते होत. तीन हिवाळे असे गेले.

“धूरच पाह्याचा हाय त माह्या चुलीपाशी बस गा,” रंभाबाई म्हणत. “तिकीट नाही लागत.”

बाहत्तर सालच्या जानेवारीत एका रविवारी दुपारी मारोतराव परतले ते पायसुद्धा न धुता न्हाणीत शिरले. न्हाणी हीच त्यांची अंधारखोली. फिल्म धुऊन दोरीला टांगली आणि बाहेर येऊन, आज उभे होते, एवढेच ते देवकीला म्हणाले. तेवढ्यात गल्लीतून बोलावणे आले. एक म्हातारा गेला होता. मयताला उचलण्याआधी घरच्यांसोबत शेवटचा फोटो काढून घ्यायची रीत होती. मारोतराव गेले आणि तसेच घाटावरही गेले.

फिल्म वाळल्यावर देवकीने ती नेहमीसारखी कापून नवऱ्या मुलींच्या निगेटिव्हांशेजारी ठेवली. एकीत नुसते धुके होते आणि मधोमध दोन बारीक उजळ रेघा, एकीपाशी एक. फिल्म गुंडाळताना पडलेले असे चरे तिने ढिगाने पाहिले होते. सारस माणसाएवढा असतो, असे नवऱ्याकडून ऐकलेले. म्हणून ती काचेवर माणसाएवढे पक्षी शोधत होती. ते कुठे दिसेनात. निदान यांचे धुके तरी स्वच्छ असू दे, असे मनात म्हणत तिने ब्रश शाईत बुडवला आणि दोन्ही रेघा भरल्या. निगेटिव्ह उजेडात धरली, तर ती जागा तिची तिलाही सापडेना.

संध्याकाळी मारोतरावांनी फोटो छापला. कागदावर धुकेच आले. त्यांनी दुसरा कागद घेतला, निगेटिव्ह भिंगाखाली धरली. काही नाही. मग बराच वेळ ते तांबड्या दिव्यात बसून राहिले.

“चाळिशी लागली गा तुले,” रंभाबाई म्हणाल्या. “धुक्यात भुतंबी दिसतीन आता.”

एरवी ते हसले असते. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक समोर बसवले की ते कॅमेऱ्यात पाहत, डोळा काढून समोर पाहत, पुन्हा कॅमेऱ्यात पाहत. कोणी विचारले तर ओशाळत. आठवड्याच्या आत त्यांनी कॅमेरा जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत घातला. कोराडीला विजेच्या कारखान्याचे काम निघाले होते. तिथल्या स्टोअरात मेव्हणा चिकटवून देतो म्हणत होता. जेवताना त्यांनी ते देवकीला सांगितले.

“डोळाच खोटा निघाला त धंदा कायच्या भरवशावर करू? पाहून राहिलो होतो मी. धुकं जरासं फाटलं. दूर पाण्यात दोन बारीक रेघा, एकीपाशी एक. अन् फोटोत काहीच नाही.”

भात वाढता वाढता देवकीचा हात थांबला.

रात्रभर ती जागी होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार नव्हते. तिच्या हाताने मागे पुरावाच ठेवला नव्हता. घरात बांधला पगार आला असता. सासूबाईंपुढे हाताची अब्रू राहिली असती. फक्त शेजारी झोपलेल्या माणसाने आपलेच डोळे जन्मभर खोटे मानले असते.

सकाळी मारोतराव कोराडीला गेल्यावर तिने निगेटिव्ह पाण्यात भिजत घातली. पाणी बदलत, कापसाच्या बोळ्याने टिपत ती न्हाणीत बसून राहिली. रंभाबाई दोनदा स्वयंपाकाचे विचारून गेल्या. दुपारकडे एक रेघ सबंध मोकळी झाली. दुसरीच्या टोकाशी शाई मुरली होती. आणखी चोळले असते तर वरचा थरच निघाला असता. तिने हात आवरला. वाळल्यावर फोटो स्वतः छापला आणि दोरीवर, नवऱ्या मुलींच्या मधोमध लावला.

एक तारखेपासून ये म्हणाले, असे सांगत मारोतराव संध्याकाळी आले आणि पाय धुवायला न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज काही आला नाही. देवकी दाराशी जाऊन उभी राहिली.

“म्हंजे होते,” ते म्हणाले.

“मले चरे वाटले जी. मीनंच भरले.”

ते रागावतील म्हणून ती तयार होती. ते पाटावर बसले आणि दोन्ही डोळ्यांवर तळवे धरून तसेच राहिले.

“एकाची मान नाही आली,” ती म्हणाली. “फोटोवर पेन्सिलीनं काढून देऊ?”

“नको. हात नको लावू.” मग तळवे खाली घेत, “तिथं धुकंच होतं.”

तिथे धुके नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. मागून डोकावत रंभाबाई म्हणाल्या, “एकाले मुंडकंच नाही गा.”

शनिवारी मारोतरावांनी कॅमेऱ्याची पेटी उघडली; कोराडीची नोकरी राहिली. मेव्हणा रुसला तो रुसलाच. पुढच्या हिवाळ्यातही मारोतराव तलावावर जात राहिले, आणि तो फोटो स्टुडिओच्या भिंतीवर होता तसा राहिला.

देवकीची एक सवय मात्र बदलली. लगीनसराईत निगेटिव्ह काचेवर ठेवली की ती आधी ब्रश उचलत नसे. आईला बाहेर बसवी आणि मुलीला जवळ बोलावून विचारी, “हे काढू, का राहू देऊ वं?” बहुतेक मुली काढा म्हणत. ती उत्तराची वाट पाही, मग काढी.