कब्जेवाल्याले पानी

"नको सांगजो पोरी, शेवट नको सांगजो!" पुस्तक हातात घेतलं की काका आधी हे बजावायचे. मग कव्हरवर दोनदा टकटक करून ते उघडायचे, जणू आत कोणी राहतं. पुलगावच्या आमच्या छोट्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायला बसते. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा वाचक, कादंबरी वाचायची सोडून तिच्याशी भांडणारा.

काकांचं खरं भांडण मात्र धाकट्या भावाशी. दोघांची घरं एकाच अंगणात. भावानं न विचारता अर्ध्या अंगणात टिनाचं शेड ठोकलं आणि बोलणं बंद झालं. "तो? कब्जेवाला!" एवढंच काका म्हणत. विहीर काकांच्या बाजूला राहिली, तिला त्यांनी जाळी टाकून कुलूप घातलं. भावानं मग बोअर मारली.

मीच त्यांना ती युद्धाची कादंबरी दिली. शत्रूच्या फौजेनं गाव ताब्यात घेतलेलं, एक शिपाई चक्कीवाल्याच्या घरात ठाण मांडून बसलेला. चक्कीवाला विहिरीचा दोर लपवून ठेवतो. काका खूश!

"असाच पाह्यजे! कब्जेवाल्याले पानी काऊन द्याचं?"

पुढच्या आठवड्यात तणतणत आले. युद्ध संपतं, तोच शिपाई कैदी होऊन सुकल्या तोंडानं गावातून चालत जातो, आणि चक्कीवाला दोर काढून त्याला पाणी पाजतो.

"लिहिणाऱ्याले डोकं हाय का नाई? ज्यानं घर घेतलं, त्याले पानी?"

"मग काय काका, मरू द्यायचं होतं?"

काका पुस्तक परत काखेत मारून निघून गेले. म्हटलं, बाई, तुझ्या जिभेला काही हाड?

मे महिन्यात भावाची बोअर आटली. त्याची बायको भर उन्हात हंडा घेऊन गल्लीभर फिरत होती. दोन दिवसांनी काका आले, टेबलाशी घुटमळले.

"कुलूप काढलं पोरी. टिनावरून पाईप टाकला तिकडं."

"भाऊ बोलले काही?"

"बोलला ना. 'दादा, पाईप गळून राह्यला' म्हने." हसता हसता त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "पन शेड काढाच लागन त्याले, हं!"

शेड काही निघालं नाही. त्याच्याच सावलीत दोघं चहा प्यायला बसू लागले.

यंदा काका गेले. अजून दार वाजलं की मी त्यांचीच वाट बघते. महिन्याभरानं त्यांचा भाऊ आला, हातात तीच कादंबरी. जमा करायला आणली असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं ती छातीशी धरली.

"आनखी ठेवू द्या ताई. दादा मांगं लागे, वाच म्हने. अर्धी झाली." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "चक्कीवाला लय हट्टी हाय वो. देते का आखरीले त्याले पानी?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

"शेवट नाही सांगायचा, भाऊ," मी कशीबशी म्हणाले.