रेघेच्या टोकाशी

लढाईच्या वर्षांत आमच्या साप्ताहिकासाठी मी नगरच्या हुतूतू संघाच्या सामन्यांच्या बातम्या लिहीत असे. प्रत्येक सामन्याला मधल्या रेघेच्या टोकाशी एक म्हातारा विणकर उभा असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

संघातला एक उंच गडी चढाईला निघाला की म्हातारा छाती भरून घ्यायचा आणि त्याच्याबरोबर "हुतूतू" म्हणू लागायचा. गडी रेघेपर्यंत परत येईतो तोही दम सोडायचा नाही. लोक हसायचे.

"बाबा, चढाईला तुमीच जा की!"

तो नुसता हात हलवून त्यांना गप्प करायचा. बोलला असता तर दम तुटला असता.

पुढे तो गडी पलटणीत भरती झाला. ब्रह्मदेशात तो बेपत्ता झाल्याची तीन ओळींची बातमी मीच लिहिली.

त्यानंतरच्या सामन्यात त्याच्या जागी नवा गडी चढाईला गेला आणि दोघांना बाद करून परतला. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याचं हुतूतू मात्र थांबेना. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या, ओठ काळे पडले. मी त्याचा दंड धरला.

"बाबा, सोडा दम. आला की गडी."

तो खोकत खाली बसला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "ह्यो आला. त्यो न्हाई आला अजून. माजाच दम कमी पडला."

नगरने सामना जिंकला. निकाल ऐकायला तो थांबला नव्हता.