फडावरून निरोप आणणारे नाना

नाना गेल्याची बातमी मला अंबाजोगाईत, दवाखान्यात ड्यूटीवर असताना कळली, आणि ती आमच्या गावाहून नाही, तर कर्नाटकातल्या उसाच्या फडावरून आली. धाकट्या भावाचा फोन होता. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. "ताई, नाना गेलं गं. आमी समदे इकडं, आन् नाना तिकडं..." नाना गेले ते ऐन हंगामात. गावात म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलपं तेवढी उरली होती. ज्यांच्या ओसरीवर आयुष्यभर माणसांची रीघ असायची, त्यांना खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं बोलवावी लागली. पुढे श्रद्धांजलीच्या सभेत पुढाऱ्यांनी त्यांचे रस्ते, पाझर तलाव, शाळाखोल्या यांची उजळणी केली. ते सगळं खरंच आहे. पण माझे नाना त्यात मला कुठे सापडले नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

नाना माझे नात्याने कुणी नव्हते. आमच्या भागातून ते जिल्हा परिषदेवर निवडून यायचे, एवढाच संबंध. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांनी गावात पाण्याची टाकी बांधली. उद्घाटनाला मोठ्या पुढाऱ्याची तारीख मिळाली, ती नेमकी पौषातली. तारीख मिळाल्याच्या आनंदात गाव तेव्हा ऊसतोडीला गेलेलं असणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मांडव पडला, खुर्च्या आल्या, कर्णे लागले, आणि ऐकायला काही म्हातारे-म्हाताऱ्या आणि शेळ्या. नारळ फुटला, नळाला धो धो पाणी आलं. घागर लावायला बाई मिळेना. शेवटी एक आजीबाई काठी टेकत उठली आणि माईकपाशी जाऊन म्हणाली, "टाकी लई झ्याक झाली बाबा. पर पानी प्यायला गाव कुठं हाय?" ही फजिती नाना स्वतःच भाषणातून सांगायचे आणि दर वेळी शेळ्या वाढवायचे.

हसून सोडून देणाऱ्यातले मात्र ते नव्हते. माणसं निम्मं वर्ष जिथे राहतात तिथे आपण एकदाही गेलो नाही, हे त्यांना लागलं. त्याच हंगामात ते जीप घेऊन निघाले आणि फडाफडावर गावकऱ्यांना शोधत हिंडले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. आईवडील ऊस तोडायला गेलेले, आणि मी आमच्या कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, भावाला कडेवर घेऊन उभी. "कितवीला गं तू?" त्यांनी विचारलं. "चौथीला व्हते," मी म्हणाले. "व्हते?" असं म्हणून ते तिथेच उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या पेंढीवर बसले. संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, परतले तेव्हा नाना म्हणाले, "हिला गावात ठिवा, शिकू द्या." दादांनी शांतपणे विचारलं, "कुनापाशी ठिवू? घराला कुलूप हाय." पुढारी असून नानांनी कुठलंही आश्वासन दिलं नाही. मला वाटतं, तिथूनच आमचं नशीब उघडलं.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी गावात मुलांना ठेवायची सोय केली. वसतिगृहाची मंजुरी कुठे तरी अडकली होती. नानांनी तिची वाट न बघता, स्वतःच्या नावाची फरशी बसवलेलं सभागृहच उघडून दिलं. पोरींना कुणा बाईमाणसाशिवाय ठेवायला आया तयार होईनात, तर काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, आपली वळकटी उचलून तिथे आणली. "नानानं बायकूला बी कामाला लावलं," असं लोक हसले. सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या काकू आमच्यावर मात्र असं राज्य करायच्या की नानासुद्धा आत येताना चपला बाहेर नीट जोडून ठेवायचे.

फडांवर चक्कर मारून आले की नाना आधी आमच्याकडे यायचे, आयांचे निरोप घेऊन. धोतर सावरून मधोमध उभे राहायचे आणि ज्याच्या त्याच्या आईच्या आवाजात, तिच्या ठसक्यात बोलायचे. "केसांत तेल घालतीस का, का झिपऱ्या घिऊन हिंडतीस?" "राच्च्याला पांघरून घेत जाय, माय." जिल्हा परिषदेत टेबलावर मूठ आपटणारा हा माणूस डोईवरचा नसलेला पदर ओढून आमची खरडपट्टी काढायचा आणि आम्ही हसता हसता रडायचो. निरोपांची त्यांच्याकडून नेहमी अदलाबदल व्हायची. माझ्या आईची शिवी माझ्या शेजारी झोपणाऱ्या राहीला, तिसऱ्याच कुणाच्या आईचा लाड मला. राहीला आई नव्हती. नानांना हे पक्कं ठाऊक होतं, तरी तिच्या वाटणीला दर खेपेला कुणाची ना कुणाची आई यायचीच. यातला गोंधळ खरा किती आणि मुद्दाम किती, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही.

मी नववीत असताना माझं लग्न ठरलं. ठरवलं माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी. ते आमच्या टोळीचे मुकादम. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, म्हणजे तात्यांच्या हिशेबी मी अर्धा कोयता होते आणि दुसरा अर्धा त्यांनी शोधला होता. दादांची त्यांच्यापुढे मान वर होत नव्हती. निवडणूक तोंडावर आलेली आणि टोळीची मतं तात्यांच्या शब्दावर पडणारी. काकूंकडून कळताच नाना आमच्या अंगणात येऊन बसले.

"नाना, तुमचं काम रस्ते करायचं," तात्या म्हणाले. "पोरी आमच्या हायत."

"पोरगी तुमचीच हाय. पर वय झाल्याबिगर हे लगीन मी हू देनार न्हाई. पोलिसात जायची पाळी आनू नगा."

"मतं लागतेत का न्हाई तुमाला?"

नानांनी चहाचा घोट घेतला. "लागतेत की. लई लागतेत," म्हणाले, आणि बसल्या जागेवरून हलले नाहीत. मी दाराआडून ऐकत होते. अंधार पडायला आला तेव्हा तात्या उठून गेले, आणि लग्न मोडलं.

निवडणुकीत नाना पडले. निकालानंतर ते आमच्याकडे आले तेव्हा मी तोंड लपवून रडत होते. "कावून रडतीस?" ते म्हणाले. "हारलो मी, आन् परीक्षा तुझी हाय. ऊठ." पुढे ते पुन्हा निवडून आले, वसतिगृहाला मंजुरीही मिळाली. मी नर्स झाले. तात्या मात्र माझ्याशी बोलायचे ते कायमचे थांबले. एकदा नाना दवाखान्यात तपासून घ्यायला आले असताना मी त्यांना सरळ म्हणाले, "नाना, मी आज आहे ती तुमच्यामुळं." तर म्हणतात, "माझी एक निवडणूक गेलती तुझ्यापायी, आता बीपी तरी नीट बघ." असा माणूस मला भेटला, यासाठी मी देवाचे आभार मानते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी वसतिगृहात गेले. आता पोरींना फोनवर आई दिसते, तरी नानांची चक्कर शेवटपर्यंत चुकली नव्हती. "फोनला भाकरीचा वास येत न्हाई," म्हणायचे. यापुढे इथे निरोप घेऊन कुणी येणार नाही, असं मनात येत होतं, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि तात्या उतरले. खूप थकलेत. त्यांची नात इथेच नववीला आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत. पोरी गोळा झाल्या. टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "निरोप हायत," आणि हजेरी घेतल्यासारखं एकेक नाव घेऊन कोरडं सांगायला लागले.

"असं न्हाई, आजोबा," एक चिमुरडी म्हणाली. "नाना आयच्या आवाजात सांगायचे."

तात्यांचा आवाज म्हणजे अख्ख्या फडाला ऐकू जाणारा. तो त्यांनी जमेल तेवढा बारीक केला. पोरी खो खो हसल्या. मग नातीचं नाव आलं, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्यांचाच झाला.

"तुझी आई म्हनली, शिक्षान हुईस्तोवर लग्नाचं नाव कुनाला काढू दिऊ नगंस." मग हातातल्या टोपीकडे बघत म्हणाले, "आज्यानं काढलं, तरी बी न्हाई."

यातलं शेवटचं सुनेचं होतं की त्यांचं, मी विचारलं नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुढचं नाव घेतलं.