टाच न उमटलेली पावलं

वच्छलेला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका सभेत, आणि पाहिलं तेच कपाळाला आठ्या घालून. सन एकोणऐंशी, पोळा होऊन आठवडा झाला असेल. नागपूरच्या एका कॉलेजातल्या सुमनबाई नावाच्या प्राध्यापिका सानगडीजवळच्या आमच्या गावात आल्या होत्या. मजुरांच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, चौदा माणसं काठी टेकत चालायची. ती अशी का झाली, हे त्यांना गावाच्या सोबतीनं शोधायचं होतं. मी शाळेचा मास्तर, तेव्हा मदतीला माझंच नाव निघणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो. पण बाई म्हणाल्या, चुलीपर्यंत जाऊ शकेल असं माणूस टोलीनंच निवडावं. टोलीनं सातवी पास वच्छला निवडली. माझ्याकडे आलं ते फक्त शाळेच्या कपाटात तिची नोंदींची वही कुलपात ठेवायचं काम.

बाईंच्या कागदावर पहिला प्रश्न होता, रोज काय खाता. वच्छलेनं तो वाचला आणि हा चालणार नाही म्हणून सांगितलं. संशय लाखोरीच्या डाळीवर होता. भात उभा असतानाच ती बांधीत, म्हणजे खाचरात, फेकून पेरायची, पाण्याची फारशी गरज नाही. विकायला सरकारची बंदी, म्हणून मालक लोक ती सालदाराच्या, म्हणजे गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरवलेल्या गड्याच्या, मजुरीत घालायचे. आता लाखोरी खातो असं परक्याला कोण सांगणार? पाहुण्यापुढे ती वाढायचीसुद्धा नाही, अशी आमच्याकडची रीत. वही घेऊन कुणी आलं की त्या दिवशी उसनी तुरीची डाळ आणून शिजवणार. शिवाय सगळ्यांना धास्ती होती की खरं सांगितलं तर आहे तेही सरकार उचलून नेईल.

त्यापेक्षा सकाळी माझ्याबरोबर बांधीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, चला, असं तिनं बाईंना सुचवलं. मी मनात हसलो. मग मीही गेलो आणि हसू मावळलं. ओल्या मातीत पावलं उमटलेली, आणि त्यांतल्या कितीतरी पावलांना टाचच नव्हती. ही माणसं अजून काठीवर आलेली नव्हती. चांगली नांगर धरणारी होती. बाईंनी तिथंच आपला कागद फिरवला आणि नवे प्रश्न वच्छलेला विचारून लिहिले. त्या दिवसापासून गावात चालताना माझी नजर खाली असायची. स्वतःची टाच मी दिवसातून दहादा दाबून टेकवायचो.

बाईंसोबतच्या डॉक्टरांनी टोलीला स्पष्ट बजावलं होतं. लाखोरी आज सोडली तर दुखणं बहुतेक आहे तिथंच थांबेल, पण गेलेलं बळ परत येणार नाही.

कार्तिकात एका दुपारी वच्छला शाळेत आली. वही मागितली नाही, नुसती उभी राहिली. तिचा नवरा हिरालाल मारोतरावांकडे सालदार होता. त्याची टाच उचलायला लागली होती. घरी ती त्याला भात घालून स्वतः लाखोरी खायची, पण त्याचं दुपारचं जेवण मालकाकडेच, लाखोरीच्या भाकरीचं. नको म्हणावं तर काहून म्हणून विचारणार. लंगड्या गड्याला दुसरं साल कोण देतो?

"गुरुजी, लिहू का नको?" तिनं विचारलं.

मारोतराव शाळा समितीवर होते. मलाही त्यांची भीती होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी म्हणालो, "पाडवा होऊ दे. साल ठरलं की लिही."

तिनं लिहिलं नाही. हिरालाल पायात जाड वहाणा घालून सांभाळून चालू लागला.

फाल्गुनात बाई अहवाल घेऊन आल्या. छापण्याआधी गावाला वाचून दाखवायचा, आणि गाव म्हणेल ते वगळायचं, असा करार होता. शाळेच्या ओसरीवर सभा भरली. मजुरीत मिळणाऱ्या लाखोरीमुळे पाय जातात, या वाक्याशी मारोतराव थांबवून बोलले. आवाज अजिबात चढवला नाही. माझे सात सालदार हेच खातात, त्यांतला एक तरी दाखवा, नाहीतर वाक्य काढा. बाईंनी वही चाळली. मारोतरावांच्या सालदारांपैकी एकही नाव नव्हतं. त्यांनी गावाला विचारलं, ठेवू की काढू? पाडवा पंधरा दिवसांवर होता. कोणी मान वर करीना. मीही केली नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

वच्छला उठली.

"एक पाऊल मी लपवलं, बाई. माह्या घरचं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवो, वहाणा काढा. या इकडे चालून दाखवा."

हिरालाल तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं भय मला अजून दिसतं. त्यानं वहाणा काढल्या आणि ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत. शेवटी त्याला खांब धरावा लागला.

डॉक्टरांनी त्याला खाली बसवून पाय दाबून पाहिले. केव्हापासून, असं विचारलं. कार्तिकापासून, वच्छला म्हणाली. मग लाखोरी केव्हा बंद केली?

"हे आज सकाळपर्यंत खाऊन राहिले," ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

वाक्य राहिलं. पाडव्याला हिरालालला साल मिळालं नाही. पण त्या वर्षी टोलीतल्या बाकीच्या सालदारांनी लाखोरी नाकारून धान मागितलं, आणि हंगाम तोंडावर आलेल्या मालकांना ते द्यावं लागलं. वच्छला पुढं सहा वर्षं बाईंबरोबर गावोगावी वही घेऊन हिंडली. त्या काळात आमच्या टोलीत नवी काठी आली ती एकच. लाखोरी सुटली ती उशिरा; पुढच्या पावसाळ्याआधी हिरालाल एका काठीवर आला, आणि नंतर दोन काठ्यांवर.

तो भेटला की रामराम घालतो. वच्छला चहा पाजते, पोरांच्या शाळेचं विचारते. तिनं मला कधीच बोल लावला नाही. आज लावेल, आज लावेल, म्हणून प्रत्येक भेटीत मी भीत आलो आहे.