वयाने लहान पाहुणा

अमेरिकेतील एका कॉलेजच्या मेजवानीत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मला लहान मुलांच्या टेबलावर बसवण्यात आले होते, हे खरे आहे. त्या संध्याकाळविषयी याव्यतिरिक्त तुम्ही जे काही ऐकले असेल, ते खोटे आहे.

हा खुलासा करणे मला भाग पडले आहे, कारण आमचे चिरंजीव मिलिंद ही हकीकत तिकडच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकमध्ये (म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणात) सांगतात आणि दर वेळी तिच्यात एक नवे असत्य मिसळतात. पहिल्या वर्षी माझ्या गळ्यात लाळेरे होते. पुढच्या वर्षी मला उंच खुर्चीत पट्ट्याने बांधण्यात आले! आणि आमच्या सौभाग्यवती, ज्या तेथे हजरच नव्हत्या, त्या प्रत्यक्षदर्शी असल्यासारख्या मान डोलावतात.

घटना २००५ सालची. मिलिंदच्या नेपरव्हिलच्या घरी आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. सकाळी सात वाजता मुलगा-सून शिकागोची गाडी पकडायला जात, आणि त्यानंतर त्या संपूर्ण रस्त्यावर पुरुषमाणूस म्हणून दोघेच उरत: मी आणि शेजारचे हॅरल्डराव. वय शहाऐंशी, पत्नी निवर्तलेली, पाठ ताठ. अमेरिकेत वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात, ते मला जमेना. म्हणून 'राव' मी लावले. माझे संपूर्ण नाव बाळकृष्ण, ते त्यांना जमेना; म्हणून मी 'बाळ' झालो. आम्ही रोज सकाळी दोन मैल चालत असू, आणि मुलांच्या घरात म्हाताऱ्याने कुठे बसावे म्हणजे तो कुणाच्या वाटेत येत नाही, या विषयावर विचारविनिमय करत असू.

एके दिवशी ते वाटेत थांबले.

"बाळ, माझं एक काम करशील?"

कॉलेजात असताना हॅरल्डराव एका फ्रॅटर्निटीचे सदस्य झाले होते. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचे भ्रातृमंडळ. नावाला तीन ग्रीक अक्षरे (त्यांपैकी दोन मला त्रिकोणमितीत भेटली होती; तिसऱ्याशी परिचय नव्हता). एकदा आत शिरलात की मरेपर्यंत सगळे एकमेकांचे भाऊ. या भावांची दर वर्षी सुटाबुटातली एक मेजवानी होते, तिला 'फॉर्मल' म्हणतात. तरुण विद्यार्थी यजमान, म्हातारे भाऊ निमंत्रित, आणि प्रत्येकाला एक पाहुणा आणण्याची मुभा. त्यात एक रिवाज असा, की हयात असलेल्या सर्वांत जुन्या भावाने उभे राहून आपल्या तुकडीतील दिवंगतांची नावे वाचायची, आणि प्रत्येक नावाला सबंध सभागृहाने 'हिअर!' अशी हजेरी द्यायची. हॅरल्डरावांच्या तुकडीची एकोणीस नावे यादीत होती. विसावे ते स्वतः.

"गेल्या वर्षी एक नाव सुटलं," हॅरल्डराव म्हणाले. "नजरेच्या मधोमध डाग आलाय, तो ओळी गिळतो. त्यानं स्टॅनला गिळलं. चार वर्षं माझ्या खोलीत राहिला तो. त्याची मुलगी समोर बसली होती, वाट बघत."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. कुणीच काही म्हणालं नाही. तेच तर वाईट." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "यंदा तू माझ्या शेजारी बस. मी अडलो की कानात सांग. यंदाही सुटलं तर पुन्हा जाणार नाही मी तिथे."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो. "छत्तीस वर्षे सरकारी कचेरीची आस्थापना शाखा सांभाळली आहे. हजेरीपट मीच वाचत होतो."

"एकदा यादी वाचून बघू या?"

"हॅरल्डराव! मी इंग्रजीत मसुदे लिहिणारा माणूस. मला इंग्रजी नावांची तालीम?"

(हे वाक्य मी उच्चारले, हे मला मान्य आहे. मात्र त्याची टिंगल करताना मिलिंद काढतात तशा नाकातल्या स्वरात मी ते उच्चारले नव्हते.)

आता अर्जाकडे येतो, कारण सगळा विपर्यास तेथेच झाला आहे. पाहुण्याची माहिती देणारा एक छापील अर्ज होता. हॅरल्डरावांना दिसत नसल्यामुळे तो मी भरला. नाव: बाळ. पुढचा रकाना होता 'यंगर गेस्ट: होय की नाही'. आता मला सांगा, 'यंग' म्हणजे लहान. 'यंगर' म्हणजे अधिक लहान, कुणापेक्षा तरी! ज्याअर्थी अर्ज सदस्याच्या नावाने आहे, त्याअर्थी तुलना सदस्याशीच. सदस्य शहाऐंशी, पाहुणा सदुसष्ट. मी 'होय' लिहिले. इंग्रजी व्याकरण जाणणाऱ्या कोणत्याही मनुष्याने 'होय'च लिहिले असते.

आहार: शाकाहारी. मद्य: मुळीच नको, दूध चालेल. विशेष सूचना: पदार्थ मऊ असावेत, दातांची अडचण आहे, तिखट नको, नऊ वाजता झोपण्याची सवय आहे. रकाना मोकळा सोडायचा नाही, हा माझा नियम. संकटकाळी कोणाला कळवावे, याच्यापुढे मिलिंदचा फोन नंबर लिहिला आणि खाली सही ठोकली.

सौ. म्हणते, तिने मला सावध केले होते. तिचे नेमके शब्द असे: "अहो, पाठवण्याआधी एकदा मिलिंदला दाखवा." याला सावध करणे म्हणत नाहीत. याला अविश्वासाचा ठराव म्हणतात.

मेजवानी संध्याकाळी पाच वाजता होती (आपल्याकडे या वेळेला चहाचे आधण ठेवतात!). मिलिंदने आम्हाला गाडीने सोडले. दारातच विद्यार्थ्यांनी हॅरल्डरावांना हाताला धरून छायाचित्रांसाठी आत नेले. ते मान वळवून "बाळ, मागोमाग ये रे!" म्हणेपर्यंत गर्दीत दिसेनासे झाले. मी टायची गाठ सारखी करत होतो, तोच ब्रायन नावाचा एक उंच, हसरा मुलगा हातात नारिंगी कागदी पट्टी घेऊन पुढे आला.

"वेलकम सर! तुम्ही बाळचे आजोबा ना?"

"मी बाळ."

तो हसला. मग त्याने वाकून माझ्या पाठीमागे पाहिले. "लाजतोय का? लपलाय कुठे?"

"मी बाळ आहे," मी म्हणालो. "माझ्यामागे कोणी नाही."

तो हळूहळू सरळ झाला. त्याने हातातल्या कागदांतून माझा अर्ज काढला, तो वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचला.

"पण सर, आम्ही हॅरल्ड सरांना फोन करून विचारलं होतं, पाहुणा यंगर आहे ना. ते म्हणाले, हो, आणि त्याच्या भाषेत या नावाचा अर्थच 'लहान मूल' आहे!"

हे मीच त्यांना कौतुकाने सांगितले होते.

"मला त्यांच्या शेजारी बसायचे आहे," मी म्हणालो. "ते अत्यावश्यक आहे."

"मुख्य टेबल भरलंय, सर. तुमची एकच खुर्ची आहे, आणि ती..." तो अडखळला. "सर, ही सही तुमचीच?"

येथे मिलिंद सांगतात की मी ब्रायनशी वीस मिनिटे भांडलो. साफ खोटे. ज्या मनुष्याने छत्तीस वर्षे 'सही केली त्या वेळी वाचता येत नव्हते काय?' असे विचारून लोकांना परत पाठवले, त्याने स्वतःची सही नाकारायची? मी मनगट पुढे केले. ब्रायनने नारिंगी पट्टी बांधली. तिच्यावर ससा होता.

ते टेबल माझ्या गुडघ्यांएवढे होते. खुर्चीही त्याच मापाची, पण पट्टा नव्हता, हे नोंदवून ठेवतो. माझ्या जागेवर 'बाळ' असे लिहून त्यावर फुगा काढलेला होता. समोर रंगीत खडू आणि झाकणाच्या पेल्यात, नळीसकट, दूध. भोवती सभासदांची पाच नातवंडे-पतवंडे. त्यांपैकी केटी नावाच्या मुलीने माझी कसून तपासणी केली.

"तू खूप मोठा दिसतोस."

"मी वयाने लहान पाहुणा आहे. तुलनेने."

"माझे पुढचे दोन दात पडलेत. तुझे किती पडले?"

"सगळे."

"सगळे?!" त्या क्षणापासून तिच्या नजरेत मला जो आदर दिसला, तो माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभातही दिसला नव्हता. तिने आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि मला बजावले, की मी नवा आहे, हरवू शकतो, तरी तिचे बोट सोडू नये.

जेवणात आले चीजमधले मॅकरोनी. मऊ, गरम, बिनतिखट. मुख्य टेबलावर लोक मांसाच्या चिवट तुकड्यांशी झुंजत होते. मला मागाहून आणखी वाढले. तोवरच्या चार महिन्यांच्या वास्तव्यात कवळीला न बोचलेले ते पहिलेच जेवण, आणि त्याबद्दल त्या अज्ञात आचाऱ्याचा मी आजही ऋणी आहे.

पण माझे लक्ष ताटात नव्हते. दूर मंचावर, मुख्य टेबलापाशी हॅरल्डराव दिसत होते. ते डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत, मागे पाहत. यादी त्यांच्या हातात होती. मी उठून हात हलवला. त्यांना तो दिसणे शक्यच नव्हते. पुढे मंचाला दोर बांधलेला, त्याच्यापाशी स्वयंसेवक. मी दोनदा निघालो; दोन्ही वेळा मनगटावरचा ससा पाहून एका सौजन्यशील मुलाने मला "या, या, तुमचं टेबल इकडे" म्हणत परत आणून बसवले.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली: "हजेरी सुरू होत आहे. यंगर गेस्ट्सनी कृपया मंचावर यावं!"

रिवाजाचा हा भाग हॅरल्डराव मला सांगायला विसरले होते. वाचणारा भाऊ सर्वांत जुना, आणि प्रत्येक नावाला मेजावर एक छोटा विजेरीचा दिवा ठेवायचा तो सर्वांत लहानांनी! स्वयंसेवकाने दोर उचलला. आम्ही सहा जण, हातात दिव्यांच्या टोपल्या घेऊन, रांगेने मंचावर चढलो. ब्रायनने आम्हाला उंचीप्रमाणे उभे केले. सर्वांत उंच मीच असल्याने मी रांगेच्या शेवटी आलो, म्हणजे बरोबर हॅरल्डरावांच्या खांद्याशी. उंचीप्रमाणे केटी रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे जायला हवी होती. तिने माझे बोट सोडायला नकार दिला.

"हॅरल्डराव," मी कुजबुजलो. "मी आलो."

"कुठे होतास रे?" ते वळले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. "मेलोच होतो मी."

नावे आडनावांच्या अकारविल्हे होती. पहिली आठ त्यांनी स्वतः वाचली. नवव्याला ते थांबले, मी कानात नाव सांगितले, ते म्हणाले, सभागृह गरजले, "हिअर!" केटीने दिवा ठेवला. दहावे. अकरावे. सुताराचा रंधा लाकडावरून सरकावा तशी नावे सरकत होती. अठरा दिवे लागले. उरले एक. यादीची शेवटची ओळ. स्टॅनची.

मी कागदाकडे पाहिले. डब्ल्यू, ओ, जे, सी, आय, ई, सी, एच, आणि अजून कितीतरी.

"वोज..." मी म्हणालो.

"काय?"

"वोजसी... वोजसीएच..."

ध्वनिक्षेपक संवेदनशील होता. माझे 'वोजसीएच' चारही भिंतींवरून परत आले. नुसते 'स्टॅन' म्हणालो असतो तरी भागले असते. पण यादीत आडनाव आधी छापलेले होते, आणि छापील क्रम मोडण्याची मला सवय नाही! हॅरल्डरावांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. पुढच्या टेबलावर एक पांढऱ्या केसांची बाई, स्टॅनची मुलगीच असावी, हळूच उभी राहिली होती. तिच्याकडे पाहताना मला माझ्या छत्तीस वर्षांची, इंग्रजी मसुद्यांची, आणि न केलेल्या तालमीची मनापासून लाज वाटली.

कुणीतरी माझे बोट ओढले.

"वोइचेहोव्स्की," केटी म्हणाली. अगदी सहज, आपला पत्ता सांगावा तशी. "पणजोबा आहेत ते माझे. तुला येत नाही?"

मी वाकून हॅरल्डरावांच्या कानात सांगितले, "वोइचेहोव्स्की." ते ताठ झाले. यादी त्यांनी खाली ठेवली, आणि न वाचता, तरुण माणसाच्या आवाजात म्हणाले, "स्टॅन्ली वोइचेहोव्स्की!"

"हिअर!" सभागृह म्हणाले. पांढऱ्या केसांच्या बाईने तोंडावर हात धरला होता. केटी सगळ्यांच्या नंतर, एकटीच, पुन्हा एकदा ओरडली, "हिअर!"

परतताना गाडीत हजेरीची सगळी उजळणी झाली. मग हॅरल्डरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्यामुळे झालं, बाळ."

हे सत्य नव्हते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. त्या देशात मला सर्वांनी बसायला जागा दिली. आदराने दिली, प्रेमाने दिली. काम देणारे हॅरल्डराव एकटेच होते. आणि ते माझ्याकडून अर्धेच झाले तेव्हा उरलेले अर्धे त्यांनी स्वतःच्या पदरचे घालून माझ्या नावावर मांडले. एवढे औदार्य मी माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनाला दाखवले नव्हते.

मिलिंद गाडी चालवत हे सर्व ऐकत होते, आणि तेव्हापासून सर्वत्र सांगत आहेत, की बाबांना भर सभेत एका सहा वर्षांच्या पोरीने इंग्रजी वाचायला शिकवले. हे विधान पूर्णतः निराधार, खोडसाळ आणि वस्तुस्थितीला सोडून आहे. मी स्वतः चौकशी केली होती. त्या मुलीला सहा पूर्ण होऊन सातवे लागले होते.