बाटलीतले बुडबुडे

"बसूनच बरं हाय," असं म्हणून ते खाटेच्या कडेला बसायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून पुढे वाकलेले. छातीचे जुने रोगी असेच बसतात, तुम्हीही पाहिलं असेल.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका छोट्या रुग्णालयात कॅज्युअल्टीत डॉक्टर होतो. ते माझे नेहमीचे रोगी, पंचवटीत फुटाण्यांच्या भट्टीवर बसायचे. भट्टीच्या धुराने आणि बिडीने मिळून त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. थंडी पडली की रिक्षातून यायचेच, सोबत बायको.

"बिडी सोडली ना?"

"कवाच."

"खिशाला इचारा," बायको म्हणायची. ते हसायचे, आणि हसण्याचा खोकला व्हायचा.

मग वाफ, इंजेक्शन आणि थोडासाच ऑक्सिजन. "झोप तेवढी द्या, साहेब," ते म्हणायचे. "आडवा होऊन निजलेलो आठवत नाय."

बायकोची नजर सिलिंडरला लावलेल्या, ऑक्सिजन जिच्यातून येतो त्या पाण्याच्या बाटलीवर असायची. "बुडबुडे लय कमी येतात. वाढवा ना."

"नाही वाढवायचा," म्हणून मी पुढच्या रोग्याकडे वळायचो. अशा छातीला ऑक्सिजन जास्त झाला तर श्वास मंदावतो, माणूस गुंगीत जातो, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी कधी सांगितलं नाही. तिला वाटलं असणार, डॉक्टर हात आखडतात.

एका दुपारी ते आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी उपचार सुरू केले. तेवढ्यात घोटीकडून अपघातातले जखमी आले, मी तिकडे धावलो. मधेच वळून पाहिलं तर ते उशीवर मान टाकून आडवे झोपले होते. चेहरा शांत होता. मला बरं वाटलं. डॉक्टर असून मला बरं वाटलं, आणि मी पुन्हा टाके घालायला गेलो.

परतलो तेव्हा बाटलीतलं पाणी आधणासारखं उकळत होतं. मी सिलिंडरची चावी फिरवून ऑक्सिजन कमी केला, घशात नळी घातली, श्वास देणारा फुगा दाबत राहिलो. संध्याकाळी ते गेले.

"मीच वाढवला व्हता," बायको म्हणाली. "तुम्ही गडबडीत व्हता. बघा, किती वर्सांनी निजले."

"हो," मी म्हणालो. "त्रास नाही झाला त्यांना."

काही वर्षांनी पंचवटीतून जात होतो. भट्टीवर आता त्यांची बायको बसली होती. समोरच्या गिऱ्हाइकाची आई दम्याने दवाखान्यात होती. ती त्या गिऱ्हाइकाला समजावत होती, "डॉक्टर हात राखून देत्यात. आपणच चावी फिरवायची. आमचे शेवटी सुखानं निजले."

मी पुढे झालो, तोंड उघडलं. तिने मला ओळखलं, पदर सावरला आणि त्याला म्हणाली, "हेच ते डॉक्टर. इचार यांना."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुझ्या आईच्या डॉक्टरांना विचार," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिने माझ्यासाठी फुटाण्यांची पुडी बांधायला घेतली, आणि बांधता बांधता आणखी एक मूठ वाढवली.