धावतानाच दिसणारा आजार

धाकटी बहीण नववीत होती. शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं होती आणि शर्यत संपायची दोरी जवळ आली असताना तोंडावर पडली. मी धावत पोचले तोवर तिचे ओठ निळसर पडले होते, हातांना झटके येत होते. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "माझा कितवा नंबर आला?"

राइट टाउनातल्या डॉक्टरांनी मिरगी, म्हणजे फेफरं, सांगितली. ईसीजी चांगला निघाला, त्यामुळे हृदयाचा विषय तिथंच संपला. मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या. तरी आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारात मागून ट्रकचा हॉर्न वाजला, ती दचकली आणि माझा हात सुटून रस्त्यातच कोसळली.

त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं बोलेना. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बारीक करायची. "काहून एवढे घाबरून राहिले तुम्ही सगळे?" बहीण चिडायची.

शेवटी बाबांनी तिला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जुने कागद बाजूला सारून एवढंच विचारलं, "पडली तेव्हा काय करत होती?"

"एकदा पळत होती, एकदा दचकली," मी म्हटलं.

"बसल्या-बसल्या कधी?"

"नाही."

"मग ईसीजी हिला चालवूनच काढावा लागेल."

छातीला तारा लावून बहिणीला ट्रेडमिलवर उभं केलं. शॉक द्यायचं यंत्र जवळ आणून ठेवलं, ते पाहून आईनं माझं मनगट धरलं. पट्टा हळूहळू वेग घेऊ लागला. पडद्यावरच्या रेषा आधी सारख्या होत्या. मग मध्येच एक रुंद ठोका आला, नंतर एकाआड एक येऊ लागले. पुढं तर एक ठोका वर, एक खाली.

"बंद करो," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी बहिणीला दोन्ही हातांनी धरलं. ती शुद्धीत होती. बसल्यावर रेषा पुन्हा सरळ झाल्या, जणू काही झालंच नव्हतं.

मग बाईंनी समजावलं. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. ठोक्याच्या वेळी तो सुटतो, पेशी आकुंचन पावते, आणि कॅल्शियम परत साठ्यात जातं. हिच्या पेशीत त्या साठ्याचं दार नीट लागत नाही. धावताना किंवा भीती वाटली की कॅल्शियम अवेळी झिरपतं आणि नको तेव्हा ठोका पडतो. असे ठोके एकामागून एक सुरू झाले की हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो.

"मग हिचं दूध बंद करू का?" आईनं विचारलं.

"नहीं दीदी. खाण्यातल्या कॅल्शियमचा यात काही दोष नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं?"

"माझा मधला भाऊ," बाबा म्हणाले. "नर्मदेत बुडाला. पट्टीचा पोहणारा होता. लोक म्हणाले, भांग पिऊन उतरला. आम्हीही तेच मानलं."

"आप भी चलिए," बाईंनी ट्रेडमिलकडे हात केला.

बाबांच्याही रेषांमध्ये तेच रुंद ठोके होते, फक्त कमी. माझी तपासणी स्वच्छ निघाली, आणि त्याचा आनंद कुणाला दाखवावा हे मला कळेना.

घरी आल्यावर बाबांनी अमरावतीला मोठ्या काकांना फोन लावला. "दादा, आपला मधला नशेत नव्हता, शुद्धीत होता," एवढंच म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

मिरगीच्या गोळ्या थांबल्या. हृदयाची गती आवरणारी गोळी दोघांनाही सुरू झाली. ती एक दिवसही चुकवायची नाही, धावायचं नाही, एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, अशी ताकीद मिळाली. बहिणीनं धावायचे बूट मैत्रिणीला देऊन टाकले आणि बरेच दिवस ती मैदानासमोरून गेली नाही. आता ती विजय नगरला राहते, शाळेत गणित शिकवते. गोळी सुरू झाल्यापासून ती पुन्हा कधी पडली नाही.